शब्द टाकणं आणि वशिला

मराठीत एकाच कृतीला दोन नावं आहेत. आपल्यासाठी कुणी केलं की 'शब्द टाकला', दुसऱ्यासाठी केलं की 'वशिला लावला'. "काकांनी साहेबांकडे शब्द टाकला" हे सांगताना आवाजात कृतज्ञता असते. "त्याचं काय, त्याचा वशिला होता" हे सांगताना जळफळाट. कृती मात्र तीच. ज्याचं ऐकलं जातं असा माणूस, ज्याचं अजून कुणी ऐकत नाही अशा माणसाबद्दल चार शब्द बोलतो.

आयटीत काम करणाऱ्यांना ही कृती 'रेफरल' या नावाने भेटते. लिंक्डइनवर अनोळखी मुलामुलींचे मेसेज येतात, "सर, रेफर कराल का?" सोबत रेझ्युमेची पीडीएफ. बरेचदा अशा कॉलेजांची मुलं, जिथे मोठ्या कंपन्या कॅम्पसला फिरकत नाहीत. ज्याला मी ओळखत नाही त्याच्यासाठी शब्द कसा टाकायचा? आणि फक्त ओळखीच्यांसाठी टाकला, तर त्यात आणि वशिल्यात फरक काय? या प्रश्नावर विचार करताना मला पुन्हा पुन्हा एक रेडिओ कार्यक्रम आठवतो.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं डब्ल्यूकेसीआर नावाचं रेडिओ स्टेशन आहे, ८९.९ एफएम. तिथे १९९० ते १९९८ या काळात दर गुरुवारी रात्री एक ते पहाटे पाच असा एक हिप-हॉपचा कार्यक्रम चालायचा. डीजे स्ट्रेच आर्मस्ट्राँग रेकॉर्ड वाजवायचा आणि बॉबिटो गार्सिया बोलायचा. वेळ अशी की जाहिरातदाराने ढुंकूनही पाहू नये. पण शहरातली पोरं जागी राहायची, कॅसेट लावून चारही तास रेकॉर्ड करायची, आणि त्या कॅसेटच्या कॉपीच्या कॉपी फिरायच्या. नॅस, नोटोरियस बी.आय.जी., वू-टँग क्लॅन, जे-झी, फ्युजीज, एमिनेम ही नावं जगाला कळण्याआधी त्या स्टुडिओतल्या माइकसमोर येऊन गेली. १९९५ च्या फेब्रुवारीत हार्लेमचा रॅपर बिग एल तिथे आला, तेव्हा त्याचा पहिला अल्बम येऊ घातला होता. त्याच्यासोबत जे-झी होता, ज्याचा एकही अल्बम तोवर निघालेला नव्हता. दोघांनी आळीपाळीने केलेला तो फ्रीस्टाइल आजही लोक शोधून ऐकतात. १९९८ मध्ये 'द सोर्स' या हिप-हॉपच्या मासिकाने या कार्यक्रमाला आजवरचा सर्वोत्तम हिप-हॉप रेडिओ शो ठरवलं.

हे कॉलेजच्याच रेडिओवर घडलं याला कारण आहे. अमेरिकेत एफएमचा खालचा पट्टा, साधारण ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ, शैक्षणिक आणि बिगरव्यापारी स्टेशनांसाठी राखून ठेवलेला आहे. तिथे नेहमीसारख्या जाहिराती चालत नाहीत, त्यामुळे कुणाला किती श्रोते मिळाले याचा हिशोब वर बसलेल्या साहेबाला द्यावा लागत नाही. लाँग आयलंडवरच्या अडेल्फी विद्यापीठाच्या डब्ल्यूबीएयूवर त्याआधी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, असंच झालं होतं. तिथे शिकणारा चक डी आणि त्याचे मित्र शनिवारी रात्री रॅपचा कार्यक्रम करायचे. बाजारात रॅपच्या रेकॉर्ड इतक्या कमी होत्या की वेळ भरायला आसपासच्या पोरांच्या टेप वाजवाव्या लागत. त्याच धडपडीतून पुढे 'पब्लिक एनिमी' हा गट उभा राहिला.

इथवर गोष्ट गोड आहे. आता तिच्यातला कडू भाग.

त्या दोघांना निवडीचा अधिकार दिला कुणी? आठवड्यातले चार तास, आणि न्यूयॉर्कच्या पाच बरोंमध्ये रॅप करणारी असंख्य पोरं. जे माइकपर्यंत पोचले त्यांच्यावर २०१५ मध्ये माहितीपट निघाला. ज्यांची टेप वाजलीच नाही, त्यांच्यावर कोण काढणार? शिवाय बॉबिटो डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीत काम केलेला माणूस, स्ट्रेच क्लबांमध्ये वावरलेला डीजे. म्हणजे ओळखीपाळखी होत्याच. बिग एलसोबत जे-झी आला, म्हणजे तोही कुणाच्या तरी सोबतच आला. माइकसमोर बहुतेक पुरुषच असत. या सगळ्याला 'चळवळ' म्हणायचं की 'कंपू', हे तुम्ही आत होता की बाहेर यावर ठरणार.

माझ्या पिढीचं यावरचं उत्तर ठरलेलं आहे: माणूस काढा, मशीन लावा. मशीनला काका नाही, जात नाही, गाव नाही. ज्याचं गाणं चांगलं ते वर येईल. या युक्तिवादात दम आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. २०२२ च्या सुमारास संगीत कंपन्यांचे प्रमुखच सांगू लागले होते की स्ट्रीमिंगवर रोज एक लाखाच्या आसपास नवी गाणी चढतात. एखादा डीजे न झोपता ऐकत बसला तरी एका दिवसाची गाणी ऐकून संपवायला त्याला कित्येक महिने लागतील.

पण शिफारस करणारं सॉफ्टवेअर आतून कसं चालतं हे आम्हा लोकांना ठाऊक असतं. त्याची सर्वांत जुनी आणि सोपी पद्धत अशी: ज्यांनी हे ऐकलं त्यांनी तेही ऐकलं, म्हणून तुम्हालाही ते आवडेल. आता ज्याला अजून कुणीच ऐकलेलं नाही, त्याचं काय? या अडचणीला आमच्या धंद्यात 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात. थंडीत गारठलेली जुनी स्कूटर जशी किक मारल्याशिवाय सुरू होत नाही, तसं नवं गाणं सुरुवातीच्या श्रोत्यांशिवाय सुरू होत नाही. यावर उपाय आहेत. गाण्याचा आवाजच तपासून त्याच्यासारखी गाणी शोधता येतात, किंवा नवी गाणी मुद्दाम थोड्या लोकांपुढे टाकून पाहता येतात. पण पहिल्या उपायात नव्या गाण्याला जुन्यासारखं असण्याचा फायदा मिळतो, आणि दुसऱ्यात पहिले शंभर लोक कोण निघाले यावर बरंच अवलंबून राहतं.

या 'पहिल्या शंभरां'ची ताकद २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात दिसली. मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी अनोळखी बँडांची ४८ गाणी एका वेबसाइटवर ठेवली. १४ हजारांहून अधिक लोक आले. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगां'त वाटलं होतं, आणि त्यांना आपल्या जगात प्रत्येक गाणं किती जणांनी डाउनलोड केलं तेही दिसत होतं. आकडे दिसू लागल्यावर दोन गोष्टी झाल्या. हिट आणि फ्लॉप यांच्यातलं अंतर वाढलं. आणि हिट कोण ठरणार हे प्रत्येक जगात वेगळं निघू लागलं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी सुमार गाणी सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं नशीब पहिल्या काही क्लिकवर हेलकावत राहिलं.

म्हणजे मशीनमध्ये पक्षपात नाही हे खरं नाही. आधीच झालेल्या पक्षपातांची तिथे बेरीज होते. त्या बेरजेला चेहरा नसतो, म्हणून ती न्यायासारखी दिसते. चेहरा नसला की जाबही विचारता येत नाही. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळणार नाही. त्यामागे त्यांची कारणं आहेत. पण ९९९ वर थांबलेल्या पोराने कुणाच्या दारात जायचं?

मग शब्द टाकणं आणि वशिला यांतला फरक कुठे शोधायचा? मला तीन ठिकाणी सापडतो.

पहिली गोष्ट म्हणजे कारण उघड असणं. अमेरिकन रेडिओत पैसे घेऊन गाणी वाजवण्याला 'पेओला' म्हणतात. १९५९-६० मध्ये त्यावर तिथल्या संसदेत सुनावण्या झाल्या आणि १९६० मध्ये कायदा बदलला. त्या कायद्यातली बारीक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पैसे घेऊन गाणं वाजवलं तर ते श्रोत्याला सांगा, असं तो म्हणतो. गुन्हा लपवण्यात आहे. "हा माझा मित्र आहे आणि याचं गाणं मला भारी वाटतं" असं माइकवर सांगणाऱ्यावर ऐकणारा विश्वास ठेवू शकतो किंवा हसू शकतो. वशिल्याचं खरं कारण मात्र चारचौघांत बोलून दाखवता येत नाही.

दुसरी गोष्ट, शब्द टाकणाऱ्याचं स्वतःचं काहीतरी पणाला लागलेलं असणं. आपण शब्द 'टाकतो', 'देतो', 'पाळतो', आणि कधीकधी शब्द 'वाया जातो'. हे सगळे देण्याघेण्याचे शब्द आहेत. जामीन राहणाऱ्यासारखंच हे. पहाटे तीन वाजता रद्दी वाजवली तर पोरं पुढच्या गुरुवारी झोपतील, आणि पुढच्या टेपला "स्ट्रेच-बॉबिटोने वाजवली" याची किंमत उरणार नाही. शिफारस करणाऱ्या मशीनचं एखादं गाणं चुकलं तर त्याची झोप उडत नाही. त्याला तोटा होतो, पण लाज वाटत नाही. आणि शिफारशीच्या मागे लाज असल्याशिवाय तिला वजन येत नाही, असं माझं मत आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: आपण दुसऱ्याला नेमकं काय मिळवून देतो. वशिल्याने खुर्ची मिळते, आणि त्या खुर्चीवर ज्याचा हक्क होता तो उभाच राहतो. रेडिओवर शब्द टाकून मिळतं ते कान देऊन ऐकणं, तेही एकदाच. पुढचं त्या पोराच्या हातात. माइक समोर आल्यावर ओळखपाळख कामाला येत नाही, ओळ जमते किंवा फसते आणि ते शहरभर ऐकू जातं. रेफरलबद्दलही मी आता हीच रेघ ओढतो. रेझ्युमे नीट वाचायचा, मुलाने लिहिलेला कोड उघडून पाहायचा, आणि पटला तर "याची मुलाखत घ्या, कारण याने हे-हे केलंय" एवढंच लिहायचं. "याला घ्या" असं लिहायचं नाही.

तरीही वाजल्या नाहीत त्या टेपांचा प्रश्न उरतोच. ऐकवण्याची वेळही मर्यादित असते, आणि एकाला दिलेली पाच मिनिटं दुसऱ्याची गेलेली असतात. इथे समान न्याय शक्य नाही हे मान्यच करावं लागेल. दारात येणाऱ्या सगळ्यांना वाजवणं अशक्य आहे. पण ऐकून मग नाही म्हणणं, आणि न ऐकताच नाही म्हणणं, यात फरक आहे. निवडणाऱ्यावर निदान ऐकण्याचं कर्ज असतं. आणि एका माणसाच्या आवडीनिवडीवर खरा उपाय म्हणजे दुसरा माणूस, वेगळ्या कानांचा. एका गुरुवारच्या कंपूवर उतारा म्हणजे शनिवारी दुसऱ्या कुणाचा तरी कार्यक्रम. दारं अनेक असली की एका दाराचा पक्षपात सोसण्याजोगा होतो.

आपल्याकडे अशी दारं कायद्याने उघडलेली आहेत. २००२ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना रेडिओ स्टेशन काढायची मुभा मिळाली. २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं स्टेशन सुरू झालं, ते देशातलं पहिलं कॅम्पस कम्युनिटी रेडिओ. पुणे विद्यापीठाचं 'विद्यावाणी' आहे, मुंबई विद्यापीठाचं 'मस्ट रेडिओ' आहे. ताकद सहसा १०० वॉटपर्यंत, म्हणजे पाच-दहा किलोमीटरचा टापू. आणि नियमच असा की निम्मा तरी मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावा, तोही शक्यतो तिथल्या भाषेत, बोलीत. रॅपला याहून सोयीचा नियम कुणी बसून लिहिला असता तरी सुचला नसता. मराठीत रॅप करणारी पोरंही आहेत. मुंबईच्या 'स्वदेशी'मधला एमसी मवाली आहे, पुण्याचा संबाटा आहे, अमरावतीचा '१०० आरबीएच' म्हणजे सौरभ अभ्यंकर आहे. 'स्वदेशी'ने २०१९ मध्ये आरे जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केलं. अशा गाण्याला 'ज्यांनी हे ऐकलं त्यांनी तेही ऐकलं' हे सूत्र सुरुवातीला फारसं उपयोगाचं नाही, कारण त्याच्यासारखं आधी कुणी फारसं काही ऐकलेलंच नसतं. तिथे कुणीतरी "हे ऐका, का ते सांगतो" म्हणावं लागतं.

आणि ते म्हणायला एफएमचं लायसन्स लागत नाही. आपण सगळेच रोज कुणाला ना कुणाला गाण्याची लिंक पाठवतो. नुसती लिंक आणि आगीचा इमोजी पाठवण्यात काहीच पणाला लागत नाही. त्याखाली एक वाक्य लिहून पाहा: हा कुठला आहे, कुठल्या ओळीवर कान टवकारले, याच्याशी आपली ओळख असेल तर ती काय. लिहिताना जी किंचित भीती वाटते, समोरच्याला नाही आवडलं तर आपली लाज जाईल अशी, ती वाटली तर समजावं की शब्द टाकला. मग पाठवावा, आणि समोरून आलेलं गाणंही शेवटपर्यंत ऐकावं.