अंगठा कुणाला दिलास?

मान वर कर. चौथीत गृहपाठ केला नसला की असाच जमिनीकडे बघत उभा राहायचास. आता तेवीस वर्षांचा झालास, तरी तेच. तलासरीच्या आश्रमशाळेत मी तुला अक्षर अक्षर जोडून वाचायला शिकवलं, ते न वाचता सही ठोकण्यासाठी का?

उंबरगावच्या कंपनीत शेजारच्या मशीनवरचा कुणी म्हणाला, तुझं खातं दे, कार्ड दे, सिम दे, महिन्याला तीन हजार घे. तू दिलंस. कुणा अनोळखी म्हाताऱ्याची जन्मभराची पुंजी त्या खात्यात आली आणि तासाभरात पुढे गेली. आता परराज्यातल्या पोलिसांची नोटीस आली आहे, ती तुझ्या नावाने. ‘बाई, मला माहीतच नव्हतं,’ म्हणतोस. काही न करता मिळणारे तीन हजार कशाचे, हा प्रश्न तुला पडला नाही असं मला सांगू नकोस. पडला होता. तू तो गिळलास.

तेवढंच असतं तर दोन शब्द बोलून मी थांबले असते. पण नोटीस येऊन अठरा दिवस झाले आणि तू काय केलंस? सिम मोडून टाकलंस, फोनमधलं सगळं बोलणं पुसलंस. अरे, तुला गळाला लावणाऱ्याचा नंबर त्यातच होता! तुझ्या बचावाचा पुरावा तू स्वतःच्या हाताने पुसलास, आणि उद्या सरकारी वकील म्हणेल की आरोपीने पुरावा नष्ट केला. नोटिशीवर कुठलं कलम आहे ते तरी पाहिलंस? भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३५, पोटकलम ३. याचा अर्थ, आम्ही तुला आत्ता पकडत नाही, हजर हो आणि सांग. जो हजर राहतो त्याला पकडायचं तर पोलिसांना कारण लेखी नोंदवावं लागतं. जो जात नाही, तो मात्र अटकेचा रस्ता स्वतःच मोकळा करून देतो. तू तेच करत बसलास. फसवणुकीच्या कलमाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हा लपाछपीचा खेळ नाही.

‘वकिलाला पैसे कुठून आणू?’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारू नकोस. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा आहे, तुझ्या जन्माआधीचा. त्याचं कलम १२ वाच. अनुसूचित जमातीच्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तू वारली आहेस, जातीचा दाखला पुरतो. बाईमाणसाला मिळतो, कोठडीतल्या माणसाला मिळतो. फिर्यादी आहे की आरोपी, हे तो कायदा विचारत नाही. तालुका विधी सेवा समिती न्यायालयातच असते, आणि १५१०० वर फोन केला तरी वाट कळते. हे सोडून तू नाक्यावरच्या दलालाला आठ हजार दिलेस, ‘केस मिटवतो’ म्हणाला म्हणून. पावती घेतलीस? नाही.

आणि तू मागे उभी राहून हसू नकोस. तुझं तरी काय वेगळं झालं?

रेशनच्या केवायसीसाठी म्हणून एका माणसाने तुझा अंगठा मशीनवर ठेवून घेतला. ‘लागला नाही, परत लावा,’ म्हणाला. दोनदा, तीनदा लावलास. पडद्यावर काय आहे ते विचारलं नाहीस, पावती मागितली नाहीस. आधारच्या त्या मशीनला ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट, एवढ्यावर पैसे निघतात. तुझे बारा हजार गेले. मेसेज आला तो नवऱ्याला दाखवायला भ्यालीस, आणि चार महिने गप्प राहिलीस.

चार महिने! सायबर फसवणूक कळवायचा १९३० हा नंबर याचसाठी आहे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो. लवकर फोन केला तर वाटेत अडवता येतो. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात लिहिलंय की, तुझी चूक नसताना तिसऱ्याने पैसे काढले आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तू बँकेला कळवलंस, तर तुझ्यावर एक रुपयाचाही भार नाही. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं तेही बँकेने. म्हणजे कायदा तुझ्या बाजूने उभा होता आणि तू त्याच्याकडे पाठ केलीस. मग ठाण्यात गेलीस, तर पैसे गुजरातच्या बाजूला निघाले म्हणून ‘तिकडेच जा’ असं कुणीतरी सांगितलं आणि तू परत फिरलीस. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी ठाण्याला त्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. आपल्याकडे निम्मं गाव कामाला हद्दीपलीकडे जातं. हे कलम आपल्या प्रत्येक घरात तोंडपाठ हवं.

तुम्ही दोघं कुणाची नातवंडं आहात, ठाऊक आहे? लग्नाच्या कर्जापायी जन्मभर सावकाराच्या घरी राबणारे लग्नगडी याच मातीतले. कागदावर काय लिहिलंय ते न कळता त्यांनी अंगठे उठवले, कारण त्यांना कुणी वाचायला शिकवलं नव्हतं. त्याच माणसांनी मे १९४५ मध्ये झरीला जमून ठरवलं की वेठ करणार नाही. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर सोबत होत्या, पण नाही म्हणाले ते तुमचेच आजे. त्यांच्याकडे ना पाटी होती, ना फोन. तुमच्याकडे दोन्ही आहे, आणि अंगठा अजून तसाच पुढे!

आपल्याच पालघरला नोव्हेंबर २०१२ मध्ये दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. त्या प्रकरणानंतर श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली, वकील उभे राहिले, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ हे कलमच रद्द झालं. कुणीतरी तोंड उघडलं म्हणून हे झालं. आणि सुक दास नावाच्या अरुणाचलातल्या आरोपीला वकील न देता शिक्षा झाली होती. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. गरीब, अडाणी माणसाला मागायचं कळत नाही, म्हणून त्याने मागितलं नाही तरी त्याचा हक्क त्याला सांगितला पाहिजे, असं बजावलं. न्यायालयाला जे तुमच्याबद्दल कळलं ते तुम्हाला कळू नये, याचा मला मनापासून त्रास होतो.

आता रडणं पुरे. तू वकिलाला सगळं खरं सांग, तीन हजारांसकट. तू सांगितलेलं तो तुझ्या परवानगीशिवाय कुणालाही सांगू शकत नाही. खोटं सांगशील तर तो तुला वाचवू शकणार नाही, आणि मीही तुझ्यासाठी शब्द टाकणार नाही. परराज्यातले पोलीस न्यायला आलेच, तर अटकेचं कारण विचार, घरी कळवायला सांग, चोवीस तासांच्या आत न्यायाधीशासमोर उभं करायला सांग आणि तिथे सगळ्यात आधी वकील माग. आणि तू, आज घरी गेल्यावर नवऱ्याला सांग. मारायला उठला तर मला बोलाव. आधारचे बायोमेट्रिक लॉक करून घे, बँकेला लेखी अर्ज दे आणि पोच घे.

सोमवारी सकाळी दहाला डहाणूच्या कोर्टाच्या दारात दोघंही या. त्याने नोटीस, आधार, जातीचा दाखला आणावा. हिने पासबुक आणि तो मेसेज. मी तिथे उभी असेन. उशीर करू नका.