पाहण्याचा हक्क

गेल्या फेब्रुवारीत आमच्या धर्मग्रामाची सहल मालवणला गेली होती. दोन बसगाड्या, नव्वदच्या आसपास माणसे, त्यांत प्रथम कम्युनियनच्या वर्गातली दहाबारा मुले. रविवारी सकाळी तेथील चर्चमध्ये मिस्सा झाली, मग १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला पाहून झाला, आणि दुपारी जेवणाच्या वेळी तरुण मंडळींनी प्रस्ताव मांडला की, उद्या पहाटे होडीने डॉल्फिन पाहावयास जावे. आम्ही आनंदाने होकार दिला. धर्मगुरूने अशा बाबतीत मोडता घालू नये असे आमचे जुने मत आहे. शिवाय खरे सांगावयाचे तर आम्हांलाही ते पाहावयाचे होतेच.

त्या पहाटेने आमच्यापुढे एक प्रश्न टाकला. तो अद्याप सुटलेला नाही, म्हणूनच वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या होडीचा तांडेल साठीच्या घरातला, मूळचा रापणकर. मासळी पूर्वीसारखी मिळत नाही, म्हणून ऑक्टोबर ते मे तो पर्यटकांना फिरवितो. निघतानाच त्याने सांगितले, "तुमी थांबलास तर दिसतले. पाठी लागलास तर बुडतले." आम्ही हसून मान डोलावली. अर्ध्या तासाने किल्ल्याच्या पलीकडे पहिली पाठ पाण्याबाहेर आली. राखी रंगाची, मध्ये उंचवटा असलेली. हा किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहणारा डॉल्फिन. दक्षिण आफ्रिकेपासून आपल्या किनाऱ्यापर्यंत त्याची वस्ती आहे, पण ती आता इतकी विरळ झाली आहे की जगातील संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव गेले आहे. हे आम्ही मागाहून वाचले. त्या क्षणी होडीत फक्त आरडाओरडा होता. आणखी चार होड्या त्या दिशेने धावल्या. आमचा तांडेल मात्र इंजिन मंद करून थांबला. तेव्हा जो आवाज उठला तो कुणा उनाड मुलाचा नव्हता. आम्ही स्वतः, सत्तावीस वर्षे वेदीपुढे उभे राहणारे, उठून म्हणालो, "जरा जवळ घ्या हो. वरचे दोनशे देऊ."

त्याने आमच्याकडे एकदा पाहिले आणि होडी पुढे घेतली.

पाच होड्यांच्या मध्ये दोन डॉल्फिन होते; एक मोठा आणि त्याच्या कुशीला चिकटून एक लहान. ते वर येत, श्वास घेत आणि लगेच बुडत. दर वेळी ते दुसऱ्या बाजूला निघत आणि दर वेळी कोणती ना कोणती होडी तेथे आधीच पोचलेली असे. पंधरा मिनिटे हे चालले. सर्वांची छायाचित्रे झाली. परतताना कम्युनियनच्या वर्गातली एक मुलगी आमच्या बाह्याला धरून म्हणाली, "फादर, त्यांना आपण आवडलो का?" आम्ही उत्तर दिले नाही. आमच्याजवळ ते नव्हते.

कुणी म्हणेल, एवढे मनाला काय लावून घ्यायचे? आपण वसईची माणसे, मासळीवाचून आपला घास उतरत नाही. पुनरुत्थानानंतर प्रभूनेही शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. सृष्टी माणसाच्या हाती सोपविली आहे, आणि दोन डॉल्फिनांना पाव तास त्रास झाला तर त्यात कोणते पाप? हा आक्षेप हलका नाही. पण कोळी समुद्रावर जातो तो पोटासाठी. त्याच्या हातून जीव जातो, त्यामागे गरज आहे, आणि त्याची किंमत तो स्वतःच्या अंगमेहनतीने व कधी कधी प्राणानेही मोजतो. आमची गरज कोणती होती? प्राण्यांना विनाकारण क्लेश देणे मानवी प्रतिष्ठेला विसंगत आहे, असे ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट सांगते. 'विनाकारण' हा शब्द आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात कित्येकदा समजावून सांगितला आहे.

सेमिनरीत असताना संत ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'चा दहावा भाग आम्हांला अभ्यासाला होता. त्यात डोळ्यांच्या हावेविषयी एक प्रकरण आहे. रानातून जाताना सशामागे धावणारा कुत्रा दिसला, किंवा घरी बसले असता पाल माश्या पकडताना दिसली, तरी आपले मन तिकडे ओढले जाते, अशी कबुली तो थोर बिशप देतो. पुढचे वाक्य अधिक प्रामाणिक आहे. त्या दृश्यावरून आपण निर्मात्याच्या स्तुतीकडे वळतो हे खरे, पण पाहावयास लागलो तेव्हा स्तुतीसाठी लागलो नव्हतो, असा त्याचा भाव आहे. तरुणपणी हे आम्हांला अतिरेकी वाटले होते. पालीकडे पाहिल्याचीही कबुली द्यायची म्हणजे काय! आज तसे वाटत नाही. परत येताना आम्हीही होडीत एक भक्तिगीत म्हटले होते. ते गीत पंधरा मिनिटांच्या पाठलागानंतरचे होते.

संत थॉमस अक्वायनस याने पुढे जिज्ञासेचे दोन प्रकार वेगळे केले. एक शिस्तीची, ती सद्गुण. दुसरी बेबंद, ती दुर्गुण. आमच्या अल्पमतीला यात एक भर घालावीशी वाटते. पहिल्या प्रकारचा माणूस न दिसण्याची शक्यता मान्य करतो. दुसऱ्याला हमी हवी असते. गोव्याच्या किनाऱ्यावर तर डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे नाहीत, या बोलीवर फेऱ्या निघतात. अशी बोली झाली की तांडेल थांबणार कसा? थांबला तर त्याची चूल थांबते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिन आहे, आणि १९८७ पासून मालवणला सागरी अभयारण्यही आहे. पण होडीत बसलेल्यांच्या अधीरपणावर कोणता कायदा लागू करणार? डॉल्फिन आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट आणि भक्ष्य शोधतो. पाच इंजिनांच्या घरघरीत त्याला काय ऐकू येत असेल, याचा विचार आम्ही त्या दिवशी केला नाही.

एका इंग्रज संताची गोष्ट येथे आठवते. सातव्या शतकातील संत कथबर्ट एकदा कोल्डिंगहॅमच्या मठात पाहुणा होता. रात्री तो समुद्रात गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभा राहून प्रार्थना करी. पहाटे तो वाळूवर गुडघे टेकताच दोन पाणमांजरे आली आणि त्यांनी आपल्या श्वासाने व अंगाच्या केसांनी त्याचे पाय उबदार व कोरडे केले. आम्ही प्रवचनात ही गोष्ट येथेच संपवीत आलो. पण संत बीड याने लिहिलेल्या चरित्रात ती संपत नाही. एक मठवासी लपूनछपून कथबर्टच्या मागे गेला होता आणि आडून सारे पाहत होता. तो भयाने आजारी पडला, क्षमा मागावयास आला. कथबर्टने क्षमा केली, मात्र आपण जिवंत असेपर्यंत हे कुणाला सांगू नकोस, अशी अट घातली. इतकी वर्षे आम्हांला पाणमांजरे आठवत राहिली. तो आडून पाहणारा माणूस आता आठवतो.

हाच कथबर्ट ६७६ साली फार्न बेटावर एकान्तात राहावयास गेला. तेथील एका जातीच्या बदकांना त्या मुलखात आजही लाडाने त्याच्याच नावाने ओळखतात. त्या बेटांवरचे समुद्रपक्षी पाहण्यासाठी सीहाऊसेस बंदरातून होड्या सुटतात. २०२२ साली पक्ष्यांमध्ये फ्लूची साथ आली तेव्हा बेटावर उतरणे बंद झाले. ते २०२४ साली पुन्हा सुरू होईपर्यंत लोक होडीतूनच लांबून पाहून परतत. आपल्याकडेही वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवरील गुहांत पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात. सुपासाठी ती घरटी चोरली जात होती, तेव्हा चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने त्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. त्या गुहेत आपण कधी जाऊ नये हेच बरे, असे आम्हांला वाटते. एखादी गोष्ट आहे, एवढे कळणे पुरेसे होऊ शकते का? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात समुद्रातील जीव पाचव्या दिवशी निर्माण झाले आणि परमेश्वराला ते चांगले दिसले. तेव्हा त्यांना पाहणारा माणूस अजून जन्मला नव्हता.

पण मग जाऊच नये काय? असे सांगणे सोपे, आणि ते आम्ही सांगणार नाही. लोक आले नाहीत तर त्या तांडेलाचे घर कसे चालेल? डॉल्फिन जाळ्यात शिरला तर जाळे फाटते, मासळी जाते. जिवंत डॉल्फिनापासून चार पैसे मिळू लागले तर त्याच्याविषयी आपुलकी उरते. शिवाय ज्या मुलीने तो प्रश्न विचारला, तिने ते दोन जीव पाहिले नसते तर प्रश्नही पडला नसता. येथे आमची बुद्धी अडते.

त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे आम्ही तांडेलाच्या घरी गेलो आणि म्हणालो, "तुम्ही काल सांगितलेत तसे नेता का?" सहाच जण निघालो, ती मुलगी आणि तिचे वडील त्यांत होते. किल्ल्याच्या पलीकडे त्याने इंजिन बंद केले. पाऊण तास होडी हलत राहिली. कुरव पक्षी आले नि गेले, एकाला उलटी झाली, आणि डॉल्फिन काही आले नाहीत. वडील जरा नाराज झाले. एवढ्या पैशांत काय पाहिले, असे म्हणाले. तांडेल पैसे घेईना, तेव्हा आम्ही ते त्याच्या खिशात कोंबले.

"उद्या येतील का?" मुलीने त्याला विचारले.

"येतले," तो म्हणाला.

त्याच दुपारी दोन वाजता आमच्या बसगाड्या वसईकडे निघाल्या.