पायरीवर थांबलेले दोघे

अमेरिकेतल्या मुलींच्या स्पर्धात्मक जिम्नॅस्टिक्समध्ये दहा लेव्हल असतात. पाचवीपर्यंत देशभरातल्या सगळ्या मुली ठरवून दिलेली एकच रूटीन करतात, फ्लोअरवरचं संगीतसुद्धा सगळ्यांना तेच. सहावीपासून प्रत्येकीची रूटीन तिची स्वतःची. व्हॉल्ट, बार्स, बीम आणि फ्लोअर, प्रत्येकी दहा, असे एकूण चाळीस गुण. वर जायला किमान गुण लागतात, पण ते मिळाले म्हणून मुलगी वर गेलीच असं नाही. शेवटचा शब्द बहुधा कोचचा. त्यामुळे सीझन संपला की घरोघर एकच विषय असतो: यंदा वर, की पुन्हा तीच लेव्हल? न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरात या प्रश्नाला आणखी एक शब्द चिकटतो. 'रिपीट' म्हटलं की आपल्या कानांना 'नापास' ऐकू येतं, कारण त्याच वर्गात पुन्हा बसणं ही आपल्याकडे पाहुण्यांपासून लपवायची गोष्ट होती. मला हा प्रश्न खेळापुरता वाटत नाही. तीच गोष्ट पुन्हा करावी लागली तर आधी केलेलं वाया गेलं का, हा धर्मविचारातला फार जुना प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर देणारी माणसं आपल्या अगदी जवळची आहेत.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन नेमका हाच प्रश्न विचारतो. मनापासून साधनेला लागलेला, पण अर्ध्या वाटेत घसरलेला माणूस. त्याचं काय होतं? तो इकडचाही राहिला नाही आणि तिकडचाही झाला नाही. या माणसाला गीतेनंच नाव दिलं योगभ्रष्ट. नाव कठोर आहे, उत्तर मात्र विलक्षण मायेचं आहे. त्याचा नाश होत नाही, असं कृष्ण सांगतो. तो पुन्हा जन्मतो, मागच्या देहात कमावलेली समज त्याला परत मिळते आणि तिथून पुढे तो चालू लागतो. इतकंच काय, पूर्वीचा अभ्यासच त्याला ओढून नेतो, त्याची तशी इच्छा नसली तरी. पुनर्जन्म मानायचा की नाही हा ज्याचा त्याचा विषय. पण यातलं निरीक्षण पुनर्जन्मावर अवलंबून नाही. केलेला अभ्यास निकालाच्या खात्यात दिसला नाही तरी करणाऱ्याच्या ठायी जमा होत असतो, आणि दुसऱ्यांदा सुरुवात करणारा शून्यापासून सुरुवात करत नसतो.

याचा पुरावा हवा तर बार्सवरची 'किप' बघावी. चौथ्या लेव्हलपाशी बहुतेक मुली हिच्यावर अडकतात. खालचा बार पकडून पाय जमिनीला न टेकवता पुढे झेपावायचं, शरीर पूर्ण लांबलं की त्याच क्षणी पावलं बारपाशी आणायची आणि सरळ हातांनी बार दाबत मांड्यांवरून कमरेपर्यंत न्यायचा. लहान मुलींना कोच सांगतात, पँट वर ओढतेस ना, तसं. सांगायला एक वाक्य, करायला महिनोन्महिने. तळहातांना फोड येतात, फुटतात, कातडी सोलवटते. पांढरी पावडर चोळून मुलगी परत बारखाली उभी राहते. शेकडो वेळा ती खालीच राहते आणि एके दिवशी वर असते. त्यातला कुठला प्रयत्न कामी आला, हे कुणालाही सांगता येणार नाही. आणि वर आली म्हणजे झालं असंही नाही. कोपरं वाकली की गुण कापले जातात, आणि पुढच्या लेव्हलच्या रूटीनमध्ये हीच किप पुन्हा पुन्हा येते, एका कसरतीतून दुसरीत नेणारा सांधा म्हणून. ज्या मुलीनं दुसरं वर्ष कोपरं सरळ करण्यात घालवलं तिनं बाहेरून पाहणाऱ्याला तेच केलं. आतून पाहिलं तर ती पुढची तीन वर्षं बांधत होती. मराठीत यासाठी गिरवणं हा सुरेख शब्द आहे. पाटीवर दहाव्यांदा 'अ' गिरवणारं मूल दहाव्यांदा तेच अक्षर काढत असलं, तरी त्याचा हात पहिल्या वेळचा राहिलेला नसतो. तालीम या शब्दातही हेच आहे. आखाडाही तालीम आणि नाटकाची उजळणीही तालीम. पुन्हा करण्याच्या जागेला आणि पुन्हा करण्याला आपल्या भाषेनं एकच नाव दिलं.

इथवर सगळं गोड आहे, आणि म्हणूनच इथं थांबणं मला अप्रामाणिक वाटतं. कारण या विचारावरचा सर्वांत जड आक्षेप आपल्याच इतिहासातून येतो. ज्याची तयारी असेल त्यानंच वर यावं, या म्हणण्याला आपल्याकडे अधिकार म्हणतात, आणि अधिकाराच्या नावाखाली आपण शतकानुशतकं माणसांना दाराबाहेर ठेवलं. पंढरपूरच्या देवळाची पहिली पायरी ही नामदेवाची पायरी. संतांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी तिथं समाधी घेतली, असं परंपरा सांगते. त्या पायरीसमोरच अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांची समाधी आहे. नामदेव आत जाऊ शकत होते आणि पायरीवर थांबले. चोखोबांना आत जायचं होतं आणि त्यांना पायरीवर थांबवलं गेलं. ते दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं. जिम्नॅस्टिक्सच्या लेव्हलची आणि अस्पृश्यतेच्या अन्यायाची तुलना करण्याचं माझ्या मनातही नाही. पण थांबणं आणि थांबवलं जाणं या दोन गोष्टी एकाच पायरीवर, अगदी समोरासमोर असू शकतात, हे त्या जागेइतकं स्पष्ट मला दुसरं काहीच सांगत नाही. लांबून दोन्ही सारखेच दिसतात.

मग ओळखायचं कसं? माझ्या मते कसोटी मुलीकडे नसते, ठरवणाऱ्याकडे असते. फळाची आशा सोड, हा उपदेश आपण दहा वर्षांच्या मुलीला करतो: पदकाचा विचार करू नकोस, मैत्रीण वर गेली म्हणून रडू नकोस, आपलं काम कर. पण त्या निर्णयात फळ कुणाचं गुंतलेलं असतं? काही जिममध्ये तयार असलेल्या मुलीला मुद्दाम खालच्या लेव्हलवर ठेवतात, म्हणजे ती तिथे पदकं मिळवते आणि संघाचा बॅनर भिंतीवर लागतो. काही घरांत याच्या उलट. मुलगी तयार नसताना आईबाबा वरच्या लेव्हलचा आग्रह धरतात, कारण तिच्या वयाची दुसरी मुलगी तिथे पोचलेली असते. दोन्हीकडे फळाला हपापलेली मोठी माणसं आहेत आणि वैराग्याचा अभ्यास मात्र लहान मुलीच्या वाट्याला. निष्काम व्हायचं असेल तर ते आधी कोचनं आणि पालकांनी व्हावं. हे नुसतं तत्त्वाचं बोलणं नाही. ब्रिटनमध्ये वकील अ‍ॅन व्हाइट यांनी केलेल्या स्वतंत्र चौकशीचा जिम्नॅस्टिक्सवरचा अहवाल 2022 साली आला. चारशेहून अधिक निवेदनं वाचून तयार झालेल्या त्या अहवालात शारीरिक आणि मानसिक छळाची जी चित्रं आहेत, त्यांच्या मुळाशी एक सवय दिसते: मुलीला काय वाटतं, हे निर्णयात न धरणं. सोसण्याची शिकवण सत्ता असलेल्याच्या तोंडी आली की ती साधना राहत नाही. म्हणून ज्या मुलीला ती लेव्हल पुन्हा करायला सांगितली आहे तिला दोन गोष्टी कळायलाच हव्यात: नेमकं काय आलं की दार उघडेल, आणि ते उघडतंय की नाही हे कोण, केव्हा बघणार आहे. याचं उत्तर कोचकडे नसेल तर ती पायरी नामदेवाची नव्हे.

दुसरा आक्षेप वेळेचा. योगभ्रष्टाला पुढचा जन्म आहे, जिम्नॅस्टला नाही. अंग वाढतं, उंची बदलते, वर्षं हातातून जातात. हे खरं आहे, आणि म्हणून एकच लेव्हल वर्षानुवर्षं करायला लावण्याचं समर्थन कुठल्याही गीतेनं होणार नाही. पण घाईचा बराचसा भाग आपण रचलेला आहे. जिम्नॅस्टला ज्या वर्षी सोळा पूर्ण होतात त्या वर्षाआधी ऑलिम्पिकलाच प्रवेश नाही. जिम्नॅस्ट ओक्साना चुसोवितिना 1992 च्या बार्सिलोनापासून 2021 मध्ये झालेल्या टोकियोपर्यंत आठ ऑलिम्पिक खेळल्या. त्या अपवाद आहेत हे उघडच आहे, पण दार एकदाच उघडतं आणि लगेच बंद होतं, ही भीती निसर्गानं घातलेली नाही एवढं तरी त्यांच्याकडे पाहून म्हणता येतं.

शिवाय वर जाणं म्हणजे सुटका, हा समजही टिकत नाही. खालच्या लेव्हलला पहिली येणारी मुलगी वर गेली की यादीत तळाला असते, पडण्याचा अर्धा गुण वारंवार जातो, आणि बीमवर मागे उडी घ्यायची वेळ आली की पाय उचलत नाहीत. तीही पुन्हा नवशिकी होते. म्हणजे राहिलेली आणि गेलेली या दोघींपुढे अभ्यास एकच आहे: आज माझं शरीर खरोखर काय करू शकतं ते न लाजता पाहणं. याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण जगाच्या सर्वांत वरच्या लेव्हलवर दिसलं. टोकियोत सांघिक अंतिम फेरीत सिमोन बाइल्सनं व्हॉल्टवर अडीच गिरक्या ठरवल्या होत्या. हवेत तिची दिशा हरवली आणि दीडच झाल्या. तिनं पुढची स्पर्धा सोडली. आठवड्यानं ती बीमवर आली ती शेवटची उडी बदलून, गिरकी नसलेली, तिच्यासाठी सोपी. जगज्जेत्या मुलीनं सगळ्या जगासमोर एक पायरी खाली उतरून उभं राहायचं ठरवलं. तिला ब्राँझ मिळालं, तीन वर्षांनी पॅरिसला सुवर्णही मिळालं, आणि लोक ते पुरावा म्हणून सांगतात. मला ते पुरावा वाटत नाही. ब्राँझ मिळालं नसतं, पॅरिसला ती गेलीच नसती, तरी त्या दिवशीचा निर्णय तितकाच बरोबर होता. फळावरून कर्माचं मोल ठरवायचं नसेल तर ते गोड फळावरूनही ठरवता येणार नाही.

राहिलं दुःख. एकसारखे लिओटार्ड घालून तीन वर्षं शेजारी उभ्या राहिलेल्या मैत्रिणी आता दुसऱ्या गटात, दुसऱ्या वेळेला येतात. या दुःखावर तत्त्वज्ञानाचा लेप लावू नये. अर्जुनालाही कृष्णानं आधी बोलू दिलं. आणि सगळं ऐकून मुलगी म्हणाली, मला आता हे करायचंच नाही, तर? तर तेही ऐकावं. योगभ्रष्टाविषयीचं ते आश्वासन साधना सोडणाऱ्यालाही आहे. जिम्नॅस्टिक्समध्ये अगदी सुरुवातीला पडायला शिकवतात: हनुवटी छातीशी, हात मागे टेकायचे नाहीत, अंग गोल करून लोळायचं. बाराव्या वर्षी जिम सोडलेली मुलगी तिशीत एखाद्या पावसाळी सकाळी ओल्या जिन्यावरून घसरते आणि तिला कळायच्या आत तिची हनुवटी छातीशी गेलेली असते.