नीतीचे बीज आणि मशागत

दुबळ्याला छळू नये, दुसऱ्याचे लुबाडू नये, हे माणसाला प्रथम कोणी शिकविले? कोणी म्हणतात ग्रंथांनी, कोणी म्हणतात राजदंडाने. परंतु पोथ्या लिहिल्या जाण्याच्या कितीतरी आधी माणसे टोळ्या करून राहत होती, मिळेल ते वाटून खात होती. डार्विन या पंडिताने १८७१ साली लिहिले, की लेकराचा सांभाळ करावा, कळपाला धरून राहावे, ही ओढ प्राण्यांतही आहे. बुद्धी वाढली तशी तीतूनच माणसाची सदसद्‌बुद्धी उपजली. यात देवाला उणेपणा कसला? बीज फार जुने पेरलेले आहे, एवढेच.

आता लेकराचे बघा. पियाजे नावाच्या स्विस पंडिताने मुलांना एक कोडे घातले. त्याचा ग्रंथ १९३२ सालचा. एका पोराच्या हातून नकळत पंधरा कप फुटले; दुसऱ्याने चोरून मुरंबा काढताना एकच फोडला. जास्त अपराधी कोण? लहानगी बहुधा म्हणत, पंधरावाला. जरा मोठी झालेली म्हणत, चोरून खाणारा. नजर कपांवरून मनाकडे वळली! (आपल्यांतले काही माळकरी सत्तरीतही वाऱ्या आणि पारायणेच मोजीत बसतात, ते असो.)

पण मन निवळले तरी ते कोणापुरते? टोळीची नीती टोळीच्या वेशीवर थांबे. खरी अडचण इथेच आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या लातूरकडे कोण विसरेल? रात्री गणपती बोळवले, आणि चारच्या सुमारास किल्लारी भागात धरणी हलली. दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्यांवर कोसळल्या, हजारो जीव गेले. अशा ढिगाऱ्याखालची हाक ऐकून दगड उपसताना, आत कोणत्या जातीचा आहे, हे कोण विचारीत बसतो? पुढे कित्येक गावे नव्या जागी वसवावी लागली. उद्या आपले गाव असे नव्याने आखायचे झाले, तर शेजारचे घर कोणाचे चालेल? ढिगाऱ्यावर जमते ते नकाशावर जमेल का? उत्तर मनातल्या मनात द्या, पण खरे द्या.

याचसाठी वारीत अभ्यास लावून दिला आहे. नातू आजोबांच्या पाया पडतो, आजोबाही नातवाच्या पडतात. पोराला अर्थ मागाहून कळतो, आधी वाकायची सवय लागते. तरीही पंढरीच्या मंदिराचे दार अस्पृश्य म्हणविलेल्यांना उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना उपोषण करावे लागले. सवय होती, पण ती दारापाशी अडली होती.

आणि नामदेवराय? कुत्र्याने भाकरी पळविली, तर कोरडी कशी खाईल म्हणून तुपाची वाटी घेऊन मागे धावले, अशी कथा आपण ऐकतो. त्यांचे जन्मस्थान मानलेली नरसी आपल्या नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. त्यांची पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली त्या ग्रंथाला गुरूपद दिले ते नांदेडलाच. तिथल्या लंगरात कोण कोणाशेजारी बसला, हे कोणी विचारीत नाही. पुढल्या खेपेला नांदेडला गेलात तर पोराला संगे न्या. आधी पंगतीत बसवा, मग पोळ्यांची टोपली त्याच्या हाती द्या.