परमुलखाचा गळा

फेब्रुवारी १९३६. कॅनडाच्या पूर्व टोकाला, हॅलिफॅक्समध्ये, एका तरुण जोडप्याला मुलगा झाला. घरात पैसा नव्हता, म्हणून बाळंतपण धर्मादाय वॉर्डात झालं. बापानं मुलाचं नाव ठेवलं जिमी रॉजर्स स्नो. त्याच्या घराण्यात जिमी रॉजर्स नावाचं कुणी नव्हतं. जिमी रॉजर्स हा अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या मेरिडियन गावचा गवई. तो रेल्वेत ब्रेकमन होता, पुढे गायक झाला, आणि मे १९३३ मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी क्षयानं गेला. हॅलिफॅक्सच्या त्या बापानं त्याला कधी पाहिलं नव्हतं. दोघांची भेट झाली होती ती फक्त तबकडीतून. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव देतात. या माणसानं आपल्या मुलाला तबकडीतल्या माणसाचं नाव दिलं, कारण आपलं खरं कूळ त्याला तिथे सापडलं होतं.

या बापाचं पाळण्यातलं नाव क्लॅरन्स युजीन स्नो. जग त्याला हँक स्नो म्हणून ओळखतं. नोव्हा स्कोशियातल्या ब्रुकलिन या लहान गावात ९ मे १९१४ रोजी जन्मलेला हा माणूस पुढे अमेरिकी कंट्री संगीताच्या पहिल्या रांगेत बसला. कंट्री म्हणजे अमेरिकी दक्षिणेच्या मातीतलं गाणं, असं समजलं जातं, आणि ते गाणारा त्या मातीतलाच असावा असा त्या संगीताभोवतीच्या लोकांचा आग्रह असतो. हँक स्नोचं आयुष्य नीट पाहिलं तर हा आग्रह टिकत नाही, असं मला वाटतं. मातीच्या नावाखाली तिथे वेगळंच काहीतरी मोजलं जात होतं.

त्याचं बालपण वाचवत नाही. तो आठ वर्षांचा असताना आईबापांचा घटस्फोट झाला. त्याची रवानगी वडिलांच्या आईकडे झाली, आणि ती आजी त्याला मारायची. आईनं दुसरं लग्न केलं तेव्हा सावत्र बापाचा मार सुरू झाला. बाराव्या वर्षी तो घर सोडून मासेमारीच्या शिडाच्या गलबतावर पोऱ्या म्हणून चढला. नोव्हा स्कोशियातल्या लुनेनबर्गची गलबतं त्या काळी कॉड मासळीसाठी महिनोन्‌महिने खोल समुद्रात असत. त्या पाण्यातल्या सेबल बेटाच्या आसपास वादळात गलबतं माणसांसकट नाहीशी होत. अशाच एका वादळातून तो थोडक्यात वाचला आणि समुद्र त्यानं कायमचा सोडला. तोवर गाण्यानं त्याला धरलं होतं. आईकडे गिटार होती, ती तो चोरून वाजवायचा. पुढे हमालीच्या मजुरीतून त्यानं ईटनच्या दुकानातून पाच डॉलर पंचाण्णव सेंटांची स्वतःची गिटार घेतली. जिमी रॉजर्सच्या तबकड्या ऐकायच्या, तसं योडल करायचं, म्हणजे गळा खालच्या सुरातून वरच्या सुरात झटक्यानं उलटवायचा, बोटं तशीच पडेपर्यंत वाजवत राहायचं, एवढीच त्याची तालीम होती. त्याला गुरू असा नव्हताच. गुरूच्या जागी एक फिरती चकती होती, आणि सुई मागे ठेवली की ती न कंटाळता तेच पुन्हा शिकवायची.

इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. जिमी रॉजर्स गेला त्याच १९३३ साली गदगचा अकरा वर्षांचा भीमसेन जोशी नावाचा मुलगा, दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी कानात घेऊन, गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, स्थिरावले मिरजेला. भीमसेनजी कानडी मुलखातले. आणि आज मराठी माणसाला तुकोबांचा अभंग आठवतो तो कितीदा तरी त्यांच्याच आवाजात. त्यांची माती कोणती, असं आपण कधी विचारलं नाही, हे मी आपलं मोठं शहाणपण मानतो. तबकडीनं आवाजाला गावाच्या वेशीबाहेर नेलं. ज्याचा कान तयार तो वारस, असा नवा वारसाहक्क त्या काळात जन्माला आला. हँक स्नो त्या हक्काचा दावेदार होता.

१९३३ मध्ये तो हॅलिफॅक्सच्या सीएचएनएस या रेडिओ केंद्रावर गायला लागला. क्लॅरन्स हे नाव गुराख्याच्या गाण्याला शोभत नाही, असं तिथल्या निवेदकाला वाटलं आणि त्यातून 'हँक' आला. ऑक्टोबर १९३६ मध्ये माँट्रियलला आरसीए व्हिक्टरसाठी त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. दोन गाणी, दोन्ही त्याची स्वतःची. त्याच्या आधी नोव्हा स्कोशियाचाच विल्फ कार्टर याच कंपनीसाठी गुराख्यांची गाणी गाऊन गेला होता, तेव्हा वाट अगदीच अनोळखी नव्हती. पुढची तेरा वर्षं हँकनं कॅनडात डझनावारी गाणी मुद्रित केली. शॉनी नावाच्या शिकवलेल्या घोड्याला घेऊन तो गावोगाव कार्यक्रम करत हिंडला. कॅनडात त्याच्या तबकड्या खपत होत्या, पण सीमेपलीकडे नाही. कंपनीचं म्हणणं असं होतं की अमेरिकेत तुझं नाव झाल्याशिवाय आम्ही तिथे तुझी तबकडी काढणार नाही. तबकडीच नाही तर नाव कसं होणार, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. जिमी रॉजर्सचा आवाज सीमा ओलांडून उत्तरेला सहज आला होता. उलट दिशेनं जायला मात्र तीच कंपनी, तोच शिक्का आणि तीच चकती असूनही दार बंद होतं.

१९४० च्या दशकाच्या मध्यापासून तो अमेरिकेत धडपडत राहिला. वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगचा रेडिओ झाला, हॉलिवूड झालं, आणि साठवलेले पैसे संपले. डॅलसमध्ये मात्र त्याचं 'ब्रँड ऑन माय हार्ट' हे कॅनडातलं गाणं रेडिओवर वाजलं आणि लोकांनी ते उचललं. तिथेच टेक्ससचा अर्नेस्ट टब त्याच्या पाठीशी उभा राहिला. टबही जिमी रॉजर्सचा असाच वेडा भक्त. हे दोघे गुरुबंधू होते, आणि तो गुरू दोघांनाही तबकडीनंच दिला होता. टबच्या शब्दामुळे ७ जानेवारी १९५० रोजी हँक स्नो नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या रेडिओ कार्यक्रमाच्या रंगमंचावर उभा राहिला. श्रोते थंड राहिले. पुढचे काही महिने तसेच गेले, आणि त्याला काढून टाकण्याची वेळ जवळ आली होती.

मग 'आयम मूव्हिंग ऑन' आलं. गाणं त्याचंच, आणि आधीच्या एका मुद्रणाच्या वेळी निर्मात्यानं नाकारलेलं. मार्च १९५० मध्ये नॅशव्हिलला ते मुद्रित झालं. बिलबोर्डच्या कंट्री यादीत ते एकवीस आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. एका गाण्यानं यापेक्षा जास्त आठवडे तिथे काढायला पुढे २०१३ साल उजाडावं लागलं.

मी हे गाणं पुष्कळदा ऐकलं आहे, आणि दर वेळी पहिलं लक्ष जातं ते त्याच्या उच्चारांकडे. दक्षिणेचे गवई शब्द चघळतात, ओढतात, अर्ध्यावर सोडतात. हँक प्रत्येक शब्द टोकापर्यंत म्हणतो. शेवटचं व्यंजनसुद्धा नाण्यासारखं खणखणीत पडतं. मागे स्टील गिटार आगगाडीच्या शिट्टीसारखी ओरडते, चाकांचा ठेका चालू असतो, आणि त्यावर हा नाकातून थोडा घुमणारा खर्ज. ही बोली नॅशव्हिलची नाही. त्यानं ती नॅशव्हिलची करण्याचा प्रयत्नही केला नाही. गाण्याचा घाट त्यानं पूर्णपणे आपलासा केला आणि जीभ आपल्या गावचीच ठेवली. परमुलखातून आलेल्या कलावंताला नेमकं हेच सर्वांत अवघड जातं. तो एक तर मूळ पुसून टाकतो, नाहीतर तेच विकायला बसतो.

मूळ पुसणारा माणूस त्याच्याच शेजारी बसत होता. ऑक्टोबर १९५४ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली ऑप्रीवर एकदाच गायला, तो हँक स्नोच्याच कार्यक्रमात. मूळ पुसणारा तो शेजारी म्हणजे हँकचा व्यवस्थापक आणि पुढे भागीदार कर्नल टॉम पार्कर. एल्व्हिसनं करार करावा यासाठी त्याच्या आईवडिलांचं मन वळवायला हँक मध्ये पडला, कारण त्याच्यासारख्या संसारी, सभ्य माणसावर त्यांचा विश्वास होता. एल्व्हिस आरसीएकडे आला, पण करार एकट्या पार्करच्या हाती गेला आणि हँकला काही मिळालं नाही. आपण वेस्ट व्हर्जिनियाचे, असं पार्कर सांगत असे. तो मुळात नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरचा आंद्रेअस फान काउक होता आणि कागदपत्रांशिवाय अमेरिकेत राहिला होता. एकाच कचेरीत दोन स्थलांतरित होते. एकाला आपलं गाव वर्षानुवर्षं लपवावं लागलं, दुसऱ्यानं १९५८ मध्ये रीतसर अमेरिकी नागरिकत्व घेतलं आणि नोव्हा स्कोशियाचं नाव शेवटपर्यंत घेतलं. पार्करच्या धूर्तपणाचे किस्से लोक रंगवून सांगतात. मला त्या लपवण्यातली भीती जास्त दिसते, आणि तरीही हँकवर झालेला अन्याय त्यामुळे कमी होत नाही.

आता मातीकडे येतो. ज्या जिमी रॉजर्सला कंट्रीचा जनक म्हणतात, त्याच्या गाण्यात काय काय होतं? आल्प्सच्या डोंगरातून आलेलं योडल, कृष्णवर्णीयांचे ब्लूज, हवाई बेटांवरची स्टील गिटार. १९३० मध्ये त्यानं लुई आर्मस्ट्राँगच्या ट्रम्पेटबरोबर गाणं मुद्रित केलं. कंट्रीतला बँजो आफ्रिकेतून गुलामांबरोबर आला. स्कॉटिश आणि आयरिश वस्तीबरोबर आलेली फिडलवरची नाचाची चाल अॅपलाचियाच्या डोंगरात जशी रुजली तशी नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरही रुजली. म्हणजे हँक ज्या गाण्यात शिरला ते स्वतःच अनेक बंदरांवरून आलेलं होतं.

आणि तरी त्या गाण्याच्या दारावर पहारा होता. डीफोर्ड बेली हा माउथ ऑर्गनचा जादूगार नॅशव्हिल ज्या राज्यात आहे त्या टेनेसीतच जन्मला, टेनेसीतच वाढला. ऑप्रीच्या सुरुवातीच्या वर्षांतला तो मोठा तारा होता, आणि कृष्णवर्णीय होता. १९४१ मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं. त्यानंतर नऊ वर्षांनी दुसऱ्या देशातून आलेल्या हँक स्नोला त्याच रंगमंचानं, जराशा खळखळीनंतर, जन्मभरासाठी आपलं म्हटलं. १९६६ मध्ये मिसिसिपीच्या कापसाच्या शेतातून आलेल्या कृष्णवर्णीय चार्ली प्राइडची पहिली गाणी आरसीएनं बाजारात आणली ती त्याचं छायाचित्र न देता. मातीचाच हिशेब असता तर बेली आणि प्राइड यांचा हक्क हँकच्या कितीतरी आधी लागला असता. हँक उत्तम गायक होता, वर्षानुवर्षं उपाशीपोटी झगडला, त्याला मिळालं ते त्यानं कमावलं. पण त्याच्यासाठी दार ढकलणं शक्य होतं यात त्याच्या गोऱ्या कातडीचा आणि इंग्रजी मातृभाषेचा वाटा होता. त्याच्यावर माझं प्रेम आहे म्हणूनच हे मला सांगावंसं वाटतं.

१९७४ मध्ये हा पहारा पुन्हा उघड झाला. इंग्लंडमध्ये जन्मलेली, ऑस्ट्रेलियात वाढलेली ऑलिव्हिया न्यूटन-जॉन त्या वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनची सर्वोत्तम गायिका ठरली. जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट या कंट्री गायकांच्या घरी नाराज कलावंत जमले आणि खऱ्या कंट्रीच्या रक्षणासाठी वेगळी संघटना उभी राहिली. त्यांची तक्रार पॉप वळणाच्या गाण्याबद्दल होती, आणि ती समजण्यासारखी आहे. पण बोट दाखवलं जात होतं परदेशी बाईकडे. त्याच वर्षी 'हॅलो लव्ह' हे गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं आलं होतं. गायक साठीला टेकलेला हँक स्नो. त्याला परका म्हणावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

का नाही आलं? मेरिडियनमध्ये जिमी रॉजर्सचं स्मारक १९५३ मध्ये उभं राहिलं, त्यामागे अर्नेस्ट टबबरोबर झटणारा हँक होता. ज्या गावानं जिमीला जन्म दिला, तिथे जिमीची आठवण जागी ठेवायला कॅनडाचा माणूस धावला. ज्याला परंपरेची गरज वाटते तो तिचा होतो, आणि हँकला तिची फार गरज होती. मार खाणाऱ्या पोराला त्या आवाजानं तगवलं होतं. उतारवयात त्यानं मुलांवरच्या अत्याचाराविरुद्ध स्वतःच्या नावानं संस्था काढली, तीही याच जखमेतून.

त्याच्या गाण्यांची यादी पाहिली तर अर्धी गाणी निघून जाणाऱ्या माणसाची आहेत. १९६२ चं 'आयव्ह बीन एव्हरीव्हेअर' तर नुसती गावांची नावं धडाधड म्हणत पळतं. ते मुळात जेफ मॅक या ऑस्ट्रेलियन माणसानं ऑस्ट्रेलियातल्या गावांवर लिहिलं होतं. हँकसाठी उत्तर अमेरिकेची गावं घालून ते नव्यानं बांधलं गेलं. पुढे १९९६ मध्ये जॉनी कॅशनं ते गायलं, आणि आज ते अस्सल अमेरिकी गाणं म्हणून जगभर ऐकलं जातं.

१९८१ मध्ये, पंचेचाळीस वर्षांनंतर, आरसीएनं त्याच्याशी असलेला करार संपवला. त्याआधी दोन वर्षं तो कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला होता. २० डिसेंबर १९९९ रोजी नॅशव्हिलजवळच्या मॅडिसनमध्ये तो वारला आणि तिथल्याच भूमीत त्याचं दफन झालं. नोव्हा स्कोशियातल्या लिव्हरपूल गावी जुन्या रेल्वे स्टेशनाच्या इमारतीत त्याचं संग्रहालय आहे. गाड्या तिथे आता थांबत नाहीत. आजीच्या माराला भिऊन पळालेला तो पोरगा आसऱ्याला येऊन बसायचा, ते हेच स्टेशन.