कोपऱ्यातला उजेड

भिंगाला पक्षपाताची जन्मजात खोड असते. समोरून येणाऱ्या प्रकाशाचे ते आगतस्वागत करते, तिरप्या वाटेने येणाऱ्यापुढे मात्र हात आखडता घेते. या कंजूषपणालाही नियम आहे. मॅट्रिकपुढे मी गेलो नाही, पण कोज्या माझ्या ओळखीची आहे; तिचा चौथा घात घ्यावा. साध्या भिंगातून ३० अंश तिरपा आलेला प्रकाश मध्याच्या सुमारे ५६ टक्केच पोचतो, ४५ अंशांवर अवघा २५ टक्के.

तरीही मोबाइलने काढलेल्या दिवाळीच्या फोटोत कडेला उभी असलेली आत्याबाई काळवंडत नाही. ही करामत आतल्या चिपची. आधी एकसारख्या उजळलेल्या कोऱ्या पांढऱ्या पृष्ठभागाचा फोटो काढतात. जिथे उजेड कमी भरला तिथे किती पटीने गुणायचे, याचा तक्ता बनवतात. कोपऱ्यांत रंगही बिघडतो, म्हणून लाल, निळा आणि हिरव्याचे दोन असे चार तक्ते असतात. पुढे प्रत्येक फोटो त्या गुणाकारातून जातो.

माझे एक स्नेही याला सरळ खोटेपणा म्हणतात. जो उजेड आलाच नाही तो दाखवायचा कसा? मला हे पटत नाही. अंगणात एकच पणती लावून फोटो काढा. कोपऱ्यातला अंधार दुप्पट केला तरी अंधारच राहतो. शून्याची दुप्पट शून्य. तक्ता जगाला उजळत नाही, पाहणाऱ्याच्या डोळ्यातला दोष तेवढा वजा करतो. चेहरे गोरे करणारी करामत निराळी. तिला खोटे म्हणायला माझी हरकत नाही.

पण गुणाकाराला विवेक नसतो. कोपऱ्यात मुळात उजेड थोडा, त्यामुळे तिथल्या चित्रातली खरखरही त्याच पटीने वाढते, आणि आत्याबाईच्या गालावर रवा सांडल्यासारखा दिसतो. म्हणून काही कॅमेरे अंधुक उजेडात दुरुस्ती मुद्दाम कमी करतात आणि कोपरे थोडे काळे राहू देतात. हा समंजसपणा मला फार आवडला.

मास्तराचा धंदा असल्यामुळे मला इथे वर्ग दिसतो. मागच्या बाकावरच्या मुलाला वाढीव गुण देता येतात. पण त्याच्यापर्यंत न पोचलेला धडा त्या गुणांनी कसा पोचणार? आणि त्याची वही कोरी असेल, तर त्यातला किती अंधार त्याचा आणि किती माझ्या आवाजाचा? कॅमेऱ्याचे बरे असते, त्याला कोरा पांढरा पृष्ठभाग मिळतो. सगळी मुले एकसारखी असलेला वर्ग मला कुठून मिळावा?

तूर्त मी आठवड्यातले दोन तास वर्गाच्या मागे उभा राहून शिकवतो. पुढच्या बाकावरची हुशार मंडळी माना वळवून कुरकुर करतात. परवा त्यातल्याच एकाने विचारले, "सर, फळा कुठल्या बाजूला समजायचा?"