निर्मम म्हणजे कोरडं का?



आज गीतेचा बारावा अध्याय, तेरावा श्लोक. भक्त कसा असतो ते भगवंत सांगतात. कुणाचा द्वेष नाही, सगळ्यांशी मैत्री, सगळ्यांविषयी करुणा. आणि लगेच पुढे म्हणतात, 'माझं'पणा नाही, 'मी'पणा नाही. मी दरवेळी इथेच अडखळते. ज्याला माझं म्हणायचं नाही, त्याच्यासाठी रात्री दोनला उठणार कोण?

या वेळी जत्रेला मामाकडे गेले होते, जत तालुक्यात. मामाची मेंढरं माडग्याळ जातीची. माडग्याळ हे तिथलंच गाव, त्यावरून जातीचं नाव पडलं. उंच, लांब पायांची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, आणि नाक अगदी पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. घोंगडीसाठी दख्खनी मेंढीचीच लोकर लागते, हिची नाही. पण दुष्काळी मुलखात ही टिकते आणि कोकरू भराभर वाढतं. सगळा रुबाब त्या नाकाचा! २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात अशाच एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली होती, आणि मालकाने तरीही दिला नाही. तेव्हापासून माझ्या मामेभावाला झोपेतही नाकच दिसतं.

जत्रेतल्या प्रदर्शनात मेंढा उभा करणं एकट्याचं काम नाही हो. मामी महिनाभर त्याला मक्याची भरड आणि शेंगपेंड वेगळी काढून घालत होती. भावाने दावं धरून त्याला गर्दीत शांत उभं राहायला शिकवलं. आजी रोज खूर बघायची. मी काय केलं? पहाटे त्याला धुताना दोन बादल्या पाणी ओतलं. आणि आठ वाजता स्टेटस टाकलं, 'आमचा राजा'.

परीक्षकांनी ओठ वर करून दात पाहिले, नाक पाहिलं, चालवून पाहिलं. मग विचारलं, "पुढच्या पायाला काही झालं होतं का?"

"न्हाय," भाऊ पटकन म्हणाला.

मागून मामीचा आवाज आला. "झालं हुतं. पावसाळ्यात खूर चिघळला हुता. महिनाभर लंगडत हुता, आता बरा हाय."

नंबर आला नाही. त्या एका वाक्यामुळेच गेला असं मी म्हणणार नाही, बाकीचे मेंढेही तगडे होते. पण भाऊ दिवसभर कुणाशी बोलला नाही. आणि खरं सांगू? मलाही मामीचा राग आला. स्टेटसला एवढे हार्ट आले होते!

संध्याकाळी न राहवून विचारलंच. मामी भाकरी थापत होती. म्हणाली, "आगं, उद्या कुणी इकत घेतला तर त्याला ठावं नको? न्हायतर पावसात चिखलात उभा करंल. नंबर आपल्याला, आन् सोसायचं त्यानं?"

मी गप्प झाले. आम्ही दोघं 'आमचा, आमचा' करत होतो, पण त्यात मेंढा कुठे होता? नंबर होता, फोटो होता. त्याच्या पायाचा विचार तिने एकटीने केला, आणि तोसुद्धा तो दुसऱ्याच्या दारात गेल्यावरच्या पायाचा. श्लोकात करुणा आणि निर्ममता शेजारी-शेजारी का बसल्या आहेत, ते मला त्या चुलीपाशी जरासं कळलं. ज्याला आपण कोरडेपणा समजतो, तो हा नव्हे.

तुमच्यातलं कुणीतरी विचारेलच, की ही कोकरं शेवटी जातात कुठे? बरीचशी मटणाच्या बाजारात. मामीला ते माहीत आहे. घर त्यावर चालतं. मी माळकरी, मला ते टोचतं, आणि ते टोचणं मी इथे गोड बोलून झाकणार नाही. पण पुण्यात बसून भूतदयेवर रोज लिहिणाऱ्या माझ्या हाताने आजवर एकाही जनावराचं खूर साफ केलेलं नाही, हेही तितकंच खरं.

त्या रात्री जाग आली तर मामी अंथरुणात नव्हती. गोठ्यात बसली होती. दिवसभर उभा राहून पायाला पुन्हा सूज आली की काय, म्हणून चाचपत होती. दोन वाजायला आले होते.

"आलीस तर बॅटरी धर," म्हणाली. "नीट, खाली धर."